आकडा तोच, नाणं आपलं

मी आंधळा आहे, हे आधीच सांगून मोकळा होतो. पाच वर्षांचा असताना अंगावर देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. हे ऐकलं की लोकांना 'अरेरे' म्हणावंसं वाटतं. ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी इथेच म्हणून घ्यावं. पुढे किमतीची एवढी भानगड आहे की अरेरेला जागा उरणार नाही.

नव्वदच्या दशकात मी धुळ्याला एका सहकारी संस्थेच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होतो. संस्था बी-बियाणं आणि खतं विकायची. माझ्यापुढे एक उभा बोर्ड होता, त्याला नुसती भोकं आणि दोऱ्या. फोन आला की दोरी या भोकातून उपसून त्या भोकात खुपसायची. बारा वर्षं मी हे केलं आणि, स्वतःच्या तोंडाने सांगतो, झकास केलं. फोनवरच्या आवाजावरून मी गाव ओळखायचो. शिंदखेड्याकडचा माणूस आधी खाकरायचा आणि मग हॅलो म्हणायचा. रावेरकडचा आधी धुळ्याला केळी काय भाव विचारायचा, मग स्वतःचं नाव सांगायचा. खत आलं की नाही हे मी गोदामवाल्याच्या आधी सांगायचो. सभासद येऊन माझ्या टेबलावर शेंगा ठेवून जायचे. डोळस कारकुनांच्या टेबलावर कोणी काही ठेवत नसे, हे मी त्यांना अधूनमधून ऐकवायचो.

एके वर्षी दिवाळीनंतर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी मला बोलावून खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मार्चअखेर हा बोर्ड काढतोय. नवीन यंत्र बसेल, फोन आपोआप ज्याच्या त्याच्या टेबलावर जाईल. तुमच्या जागी संगणक येणार. सभासदांची मागणी, तक्रार, सगळं त्यात लिहून घ्यायचं. ते तुम्हाला जमणार असेल तर खुर्ची तुमचीच."

"आणि नाही जमलं तर?"

"तरी काळजी नको. पगार चालू राहील. तुम्ही फक्त येऊन बसायचं."

बाहेर आलो तर ही बातमी माझ्या आधी पोचलेली. कारकून मंडळी खूश. "नशीब काढलंस रे! बसून पगार!" मला मात्र दुसरंच काही आठवलं. आमच्या कचेरीत एक जण असाच बसवलेला होता. त्याचं काम कधीतरी बंद झालं आणि त्याला दुसरं काही द्यायचं राहून गेलं. तो सकाळी यायचा, सुपारी कातरायचा, संध्याकाळी जायचा. पहिलं वर्षभर लोक त्याच्याशी बोलले. मग तो कपाटासारखा झाला. लोक त्याला वळसा घालून जायला लागले. मी डोळ्यांवाचून तीस वर्षं काढली होती, पण कपाट व्हायची माझी तयारी नव्हती.

उपाय होता. आंधळ्यांसाठी मुंबईहून दर महिन्याला एक कॅसेट यायची, बातम्या आणि माहिती भरलेली. त्यात मी ऐकलं होतं की अमेरिकेतल्या एका कंपनीने असा प्रोग्रॅम काढलाय, जो संगणकाच्या पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. टाइप केलेलं अक्षर न अक्षर बोलतो. तीन फ्लॉप्यांत मावतो. मी ती कॅसेट शोधून पुन्हा लावली, आणि शेवटी किंमत आली. अमेरिकेत चारशे पंच्याण्णव डॉलर. इंग्लंडात चारशे पंच्याण्णव पौंड. भारतात मुंबईच्या एजंटाकडे बावीस हजार रुपये.

डॉलर तेव्हा पस्तीसच्या आसपास होता आणि पौंड पंचावन्नच्या. मी मनात हिशोब केला. तोच प्रोग्रॅम अमेरिकेत सतरा हजारांना, मुंबईत बावीस हजारांना आणि इंग्लंडात सत्तावीस हजारांना. मुंबईचा आकडा म्हणजे माझा सात महिन्यांचा पगार. रविवारी मी अमळनेरची एस.टी. धरली आणि वाटेतल्या आमच्या गावी उतरलो, आबांना सांगायला.

आबा म्हणजे माझे वडील. घरी आठ एकर कापूस, पण त्यांचा खरा जीव बैलबाजारात. ते दलाल होते. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा आणि हीच त्यांची करमणूक. उभ्या आयुष्यात त्यांनी समोरच्याने सांगितलेला भाव कधी दिला नव्हता. बैलाला नाही, चपलेला नाही, देवळाबाहेरच्या नारळालाही नाही. पैशाची ओढ होती असं नव्हे, त्या वर्षी कापूस बरा गेला होता. पण सांगितलेला भाव देणं ही त्यांच्या लेखी अंगावर कपडे न घालता बाजारात जाण्यासारखी गोष्ट होती. घरात आम्ही आमच्या अहिराणीतच बोलायचो. माझं बोलणं मी इथे सरळ मराठीत लिहितो, आबांचं मात्र सरळ करू गेलं तर आबाच उरत नाहीत.

मी तिन्ही किमती सांगितल्या. आबांनी पुन्हा सांगायला लावल्या. मग कचेरीतून आणलेली एक रिकामी फ्लॉपी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तळहातावर तोलली.

"हाई चारा खास का?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा, काहीच खात नाही."

"मंग भाडं कसानं?"

त्यांचं म्हणणं असं. अमळनेरची म्हैस सुरतेला महाग पडते, कारण मधे ट्रक लागतो, चारा लागतो, सांभाळायला माणूस लागतो. हे समजण्यासारखं आहे. पण जी वस्तू खिशात मावते, खात नाही, पीत नाही, आजारी पडत नाही, तिचा भाव गावोगाव वेगळा का? मी सांगितलं की आबा, भाव वेगळा आहे पण आकडा एकच आहे, चारशे पंच्याण्णव. फक्त नाणं वेगळं. झालं! आबा ओट्यावरून उठलेच.

"बठ्ठास्ले आकडा एकच शे?"

"हो, सगळ्यांना. तिकडे डॉलर, तिकडे पौंड."

"मंग आपुनबी तोच आकडा देऊत. आकडा तोच, नाणं आपलं. चारशे पंच्याण्णव रुपये!"

मी हसलो. आबा हसले नाहीत. त्यांना खरोखरच त्यात काही वावगं दिसेना. अमेरिकेचा माणूस आपल्या खिशातले चारशे पंच्याण्णव काढतो, विलायतेचा आपल्या खिशातले काढतो, तर धुळ्याच्या माणसाने दुसऱ्याचं नाणं हुडकत का फिरावं?

त्याच दुपारी आबांनी अमेरिकेच्या कंपनीला पत्र सांगितलं आणि मी ते ब्रेलमध्ये टिपून घेतलं. म्हशीचा आणि चाऱ्याचा मुद्दा होता. विलायतेच्या लोकांकडून जास्त घेता ते कशाबद्दल, असा सवाल होता. शेवटी चारशे पंच्याण्णव रुपयांची बोली होती. मी निघताना आबांनी बजावलं की सौद्याचं पत्र तिसऱ्या माणसाने वाचायचं नाही. भाव फुटतो. "कोणलेच दखाडू नको."

सोमवारी मधल्या सुट्टीत टायपिस्ट बाई डबा खायला गेल्या, तेवढ्यात मी त्यांच्या टाइपरायटरवर बसलो. टायपिंग मला येत होतं, बोटं चालायला डोळे लागत नाहीत. दोन पानं इंग्रजीत टाइप केली, खाली झोकात सही ठोकली, पाकीट चिकटवलं, स्वतः पोस्टात गेलो, कॅसेटवर ऐकलेला पत्ता तिथल्या कारकुनाकडून वर लिहून घेतला आणि टाकलं. बाईंनी आल्यावर विचारलं, काय एवढं लिहिलं? मी म्हणालो, खासगी. बाई रुसल्या. एरवी माझं सगळं टपाल त्याच वाचून दाखवायच्या.

जानेवारी उलटत आला तेव्हा अमेरिकेहून पाकीट आलं आणि त्यात कॅसेट. एका बाईचा आवाज, शांत, हसरा. तिचं इंग्रजी समजायला मला टेप चार वेळा मागे घ्यावी लागली. ती सांगत होती, "तुमची दोन पानं मिळाली. दोन्ही कोरी होती. खाली फक्त सही."

मी टेप थांबवली. कोरी? मी बाईंना हाक मारली. तारीख सांगितली, टाइपरायटरवर बसलो होतो ते कबूल केलं. बाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट आला. "अहो, त्या दिवशी सकाळी मी सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापली होती! खटका तसाच राहिला असणार." स्टेन्सिल कापताना खटका दाबून शाईची पट्टी बाजूला करतात. मग अक्षरं कागदात नुसती रुततात, उमटत नाहीत. डोळस माणूस पहिल्या ओळीलाच थांबला असता. मी दोन पानं दणदण टाइप करून, कोणाला दाखवायचं नाही म्हणून न दाखवता, थेट अमेरिकेला धाडली होती.

"मला दाखवलं असतं तर?" बाई म्हणाल्या. त्यांचा रुसवा त्या दिवशी फिटला, कारण पुढचा आठवडाभर त्या हसत होत्या.

कॅसेटवरची बाई मात्र पुढे म्हणत होती की आमच्या एका सहकाऱ्याने कागद खिडकीशी तिरका धरला आणि रुतलेली अक्षरं एकेक करून वाचली. मग ते पत्र सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला आमच्याकडे कोणालाच उत्तर देता आलं नाही. पण भारतातली किंमत एजंट ठरवतो, त्यात आम्हाला हात घालता येत नाही. तुमचं पत्र आम्ही त्याच्याकडे पाठवलं आहे. त्याचा माणूस तुम्हाला भेटेल.

रविवारी हे सगळं आबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं काय, तर एवढंच की मी कोऱ्या कागदावर सही करून दिली.

"कोरा कागदवर सही? अमेरिकाले? आरे, येडा व्हयना का तू? त्या वर काय बी लिखी लेतीन!"

कोऱ्या कागदावर सही म्हणजे बाजारात सगळ्यात मोठा मूर्खपणा. आबांना पटवता पटवता माझ्या नाकीनऊ आले की अमेरिकेच्या कंपनीला आमच्या आठ एकरांत काही रस नाही. मग ते जरा थंड झाले आणि उत्तर देता आलं नाही हा भाग त्यांनी तीनदा ऐकला. "उत्तर उनं नही ना? मंग अर्धा सौदा व्हयना." समोरच्याला उत्तर आलं नाही म्हणजे त्यांच्या लेखी अर्धा सौदा झालाच.

इकडे माझे दिवस जात होते. फेब्रुवारी संपत आला, एजंटाचा पत्ता नाही. नव्या यंत्राचे खोके येऊन माझ्या बोर्डामागे रचले गेले होते. जाता येता मला त्यांचा कोपरा लागायचा. एका रविवारी मी आबांना सरळ म्हणालो, "आबा, माझ्याकडे बारा हजार साठलेत. वरचे दहा तुम्ही घाला. मुंबईला पैसे पाठवू आणि मोकळे होऊ."

"सांगेल भाव मी देऊ? बजारमा तोंड कसं दखाडू?"

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तापटच, त्यात ते खोके. मी त्यांना नको ते बोललो. "तुमच्या बाजारातल्या नाकापायी माझी खुर्ची चाललीय. तुम्हाला काय, तुम्ही बैलाचे दात मोजा! मी तिकडे कपाट होऊन बसतो!" मी पाणीही न पिता एस.टी. स्टँडवर येऊन बसलो आणि पुढचे दोन रविवार गावी गेलो नाही. वाईट वाटत होतं, पण राग त्याहून मोठा होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून पोस्टकार्ड आलं, एजंटाचा माणूस गुरुवारी येतोय. न कळवावं असं क्षणभर मनात आलं. मग मी अमळनेरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे निरोप दिला. गुरुवारी सकाळी पहिल्या गाडीने आबा हजर.

मुंबईचा माणूस चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीने आला. काठी टेकत, एकटा. तो माझ्यासारखाच पूर्ण आंधळा होता. त्याने साहेबांच्या टेबलावरच्या संगणकात फ्लॉप्या घातल्या आणि यंत्र बोलायला लागलं. नाकातून येणारा, सर्दी झालेल्या गोऱ्याचा आवाज. त्याने मला शेजारी बसवून अर्ध्या तासात बटणं कशी दाबायची ते शिकवलं. साहेब म्हणाले, लिहा, शिरपूरच्या सभासदाला बियाण्याच्या दहा पिशव्या हव्यात. मी लिहिलं. यंत्राने 'शिरपूर'चं वाटोळं केलं, पण दहा बरोबर सांगितलं. चुकीचं अक्षर पडलं तर मलाच पहिल्यांदा कळत होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी डोळसांच्या अक्षरांत काहीतरी लिहून ते स्वतः वाचत होतो. अंगावर काटा आला, आणि साहेबांनी तो पाहिला असावा, कारण ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "जमेल तुम्हाला. पण एकतीस मार्चला हे या टेबलावर पाहिजे. त्यानंतर माझा हात चालणार नाही."

आता किंमत राहिली. आबांनी मुंबईच्या माणसाचा हात धरला आणि त्याला अंगणातल्या लिंबाखालच्या बाकावर नेलं. मी मागोमाग. शिपायाला चहा सांगितला.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरायची. किती बोटं, कुठल्या पेरावर, त्यावरून आकडा. बघणारे शंभर जण असले तरी कोणाला काही कळत नाही. सौदा ठरला की हात सोडायचे आणि तो आकडा त्या दोघांतच राहतो. सख्ख्या भावानेही विचारायचा नाही. आबांनी त्या माणसाला हे समजावून सांगितलं तेव्हा तो खदखदून हसला. "अहो आबा, हे तर आमच्यासारख्यांसाठीच काढलंय! इथे डोळे असून कोणाला उपयोग?"

उपरणं पडलं. मी शेजारी कान देऊन बसलो. आबांचे सौदे मला ठाऊक होते. एकेका बैलापायी दोन दोन चहा व्हायचे. हात झटकायचे, उठून जायचे, परत यायचे. त्या दिवशी तसं काहीच झालं नाही. चहा यायच्या आत हात सुटले. आबा काहीतरी हळू बोलले, तो माणूस "बरं बरं" म्हणाला, आणि आबांनी मोठ्याने सांगून टाकलं.

"सौदा व्हयना. चारशे पंच्याण्णव रुपये!"

माझा विश्वासच बसेना. "खरंच?" मी त्या माणसाला विचारलं.

"तुमचे वडील फार कडक आहेत," तो म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

उपरण्याखालचा आकडा कोणी बोलून दाखवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आबांनी तो अंगणभर ऐकू जाईल असा बोलून दाखवला. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी कसला विचार करतोय! मी आबांच्या पायाला हात लावला, दोन आठवड्यांपूर्वीच्या बोलण्याची माफी मागितली आणि खिशातून पाचशेची नोट काढली. आबांनी ती घेतली आणि पाच रुपये परत दिले. "बाकीनं मी दखस, तू मधमा बोलू नको," म्हणाले.

आठ दिवसांत मुंबईहून पार्सल आलं. एकतीस मार्चला बोर्ड निघाला आणि एक एप्रिलला मी त्याच खुर्चीत, संगणकासमोर. पहिले दोन दिवस सगळी कचेरी माझ्याभोवती. तिसऱ्या दिवसापासून त्या नाकातल्या आवाजाला वैतागून कारकुनांनी टेबलं लांब सरकवली, त्यामुळे मला हवा चांगली यायला लागली.

आबांची मात्र कीर्ती झाली. अमेरिकेला वाकवणारा दलाल! बैलबाजारात लोक त्यांना चहा पाजून ती हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे, आणि दर खेपेला अमेरिका थोडी जास्त रडायची. एकाने नाशिकहून फ्रीज आणायला त्यांना सोबत नेलं. मीही काही कमी नव्हतो. जळगावला माझा एक मित्र शाळेत शिकवायचा, तोही आंधळा, त्याला मी पत्र लिहून टेंभा मिरवला. त्याने लगेच मुंबईच्या एजंटाला कळवलं, मलाही चारशे पंच्याण्णवला द्या. एजंटाने नकार दिला. मित्राने मला चार ओळींचं पत्र पाठवलं, त्याचा अर्थ एवढाच की तू थापा मारतोस.

मला थापाड्या म्हणतो! मी पेटलो. एजंटाला मी तीन पानं टाइप केली, या वेळी बाईंकडून तपासून घेऊन. धुळ्याला एक भाव आणि जळगावला दुसरा, हा काय प्रकार? मधे अडीच तासांचा एस.टी.चा रस्ता आहे, त्यात तुमच्या फ्लॉप्यांना असा काय खर्च येतो? माझ्या वडिलांना जो भाव लावला तोच माझ्या मित्राला लावा.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आमच्यासारख्यांना उत्तरं ते फ्लॉपीवर पाठवायचे, म्हणजे आम्हाला कोणाकडून वाचून घ्यावं लागू नये. त्या दिवशी धुळ्याचा बाजार होता आणि बाजार आटोपून आबा कचेरीत आले होते. माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसून शिपायाला अमेरिकेची गोष्ट सांगत होते. मी फ्लॉपी घातली आणि यंत्र नाकातून इंग्रजीत बोलायला लागलं, म्हणजे आबांना आणि शिपायाला कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आधी चांगली बातमी होती. तुमच्या वडिलांच्या पत्रावरून अमेरिकेच्या ऑफिसात बरीच चर्चा झाली आणि भारतासाठी वेगळी, कमी किंमत ठरली आहे. यापुढे इथे हा प्रोग्रॅम बारा हजारांना मिळेल. तुमच्या जळगावच्या मित्राला तसं कळवत आहोत. मी मनात म्हटलं, वा आबा!

यंत्र पुढे वाचत गेलं. "चारशे पंच्याण्णव रुपयांना आम्ही तो कोणालाच दिलेला नाही. तुमच्या वडिलांनी आमच्या माणसाला सांगितलेली पूर्ण किंमत, बावीस हजार रुपये, जागेवर रोख दिली. एक रुपयाही कमी करा म्हणाले नाहीत. त्यांच्या अटी दोन होत्या. माल आठ दिवसांत पोचला पाहिजे आणि आकडा मुलाला सांगायचा नाही. दुसरी अट आज मोडावी लागते आहे, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो."

पहिल्यांदा मला रागच आला. मला वेड्यात काढलं, माझ्याकडून चारशे पंच्याण्णव मोजून घेतले, वर पाच परत दिले! मी ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेला राग राहिला नाही. आबा घरून निघतानाच बावीस हजार कमरेला बांधून आले होते. बाजारात चाळीस वर्षं ज्या माणसाने सांगितलेला भाव दिला नाही, त्याने उपरण्याखाली एका परक्या पोराची बोटं धरून त्याचाच आकडा त्याला परत दिला होता. घासाघीस केली तर मुंबईला विचारण्यात आणखी आठवडा गेला असता, आणि माझी तारीख जवळ आली होती. माझ्या त्या दिवशीच्या शिव्या त्यांनी पाठीवर घेतल्या आणि वर मलाच फुशारकी मारायला एक गोष्ट देऊन ठेवली. मी टेबलाची कड घट्ट धरून बसलो.

बाकावरची गोष्ट थांबली होती.

"काय बोलनं ते?" आबांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

मी म्हणालो, "म्हणतंय, तुमच्यासारखं कडक गिऱ्हाईक आजवर भेटलं नाही. चारशे पंच्याण्णवला देऊन कंपनी अजून रडतेय."

आबा बाकावर थोडं सरकून शिपायाला म्हणाले, "ऐकं ना? मी काय सांगी ऱ्हायनू तुले!" आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मीही ती सगळी ऐकली.